दोन कोटी ९७ लाख मतं, आठ माणसं, पाच दिवस

६ मे २०१० या एका दिवशी ब्रिटनमध्ये २ कोटी ९७ लाख लोकांनी मतदान केलं. पुढच्या पाच दिवसांत लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या एका सरकारी इमारतीत दोन पक्षांची चार-चार माणसं समोरासमोर बसली आणि त्या मतांमधून कोणाचं सरकार येणार, हे त्यांनी ठरवलं. एकीकडे जवळपास तीन कोटी, दुसरीकडे आठ. कोट्यवधींचा कौल एवढ्याशा टेबलापर्यंत येतो कसा? वाटेत कोणाचं मत जड होतं आणि कोणाचं वाया जातं? याचं उत्तर आकड्यांतच आहे, आणि ते आकडे चक्रावून टाकणारे आहेत.

निकाल असा होता: हुजूर पक्ष ३०६, मजूर पक्ष २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७, बाकीचे सगळे मिळून २८ आणि एक सभापती. एकूण ६५०. बहुमताला ३२६ हवेत. डेव्हिड कॅमेरॉन यांचा हुजूर पक्ष वीस जागांनी अडला. तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या मजूर पक्षाने लिबरल डेमोक्रॅटांना बरोबर घेतलं, तरी बेरीज ३१५, म्हणजे अकरा कमी. पबमध्ये, बसथांब्यावर, कचेरीच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात हीच बेरीज-वजाबाकी चालू होती. एक म्हणत होता, सर्वांत मोठ्या पक्षाला पहिली संधी द्या. दुसरा म्हणत होता, ६४ टक्के लोकांनी त्या पक्षाला मत दिलेलंच नाही. तिसरा म्हणत होता, मी ज्यांना दूर ठेवायला मत दिलं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून माझा उमेदवार बसणार असेल, तर माझ्या मताला अर्थ काय? तिघांचंही गणित बरोबर होतं.

ब्रिटिश निवडणुकीत हिशेब तीन असतात: मतांचा, जागांचा आणि सत्तेचा. मतदाराच्या हातात फक्त पहिला असतो. मतांच्या जागा किती होणार, हे मतदार कुठे राहतो यावर ठरतं. जागांमधून सत्ता कोणाची, हे कोण कोणाशी बोलायला तयार आहे यावर ठरतं. म्हणूनच मतदाराने तिसऱ्या हिशेबाचा जाब मतदानाआधी मागायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

एक नव्हे, ६५० निवडणुका

ब्रिटनमध्ये पंतप्रधानासाठी मतदान होत नाही. एकाच दिवशी ६५० वेगवेगळ्या लढती होतात आणि प्रत्येक ठिकाणी ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं मिळायलाच हवीत, अशी अट नाही. २०१५ साली साउथ बेलफास्टमध्ये विजयी उमेदवाराला २४.५ टक्के मतं होती. मतदान केलेल्या चारांपैकी तिघांनी दुसऱ्या कोणाला तरी निवडलं होतं आणि तरीही तो खासदार झाला.

मतदारसंघ आपल्या मानाने चिमुकले असतात. २०१० साली ब्रिटनमध्ये सुमारे ४ कोटी ५६ लाख नोंदणीकृत मतदार होते, म्हणजे एका खासदारामागे सरासरी सत्तर हजार. भारतात २०२४च्या लोकसभा निवडणुकीत एका जागेमागे सरासरी जवळपास अठरा लाख मतदार होते. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेसाठी ९ कोटी ७० लाखांची यादी होती, म्हणजे एका आमदारामागे सव्वातीन लाखांहून जास्त. ब्रिटनची सगळी मतदारयादी एकट्या महाराष्ट्राच्या यादीच्या निम्म्याहूनही कमी भरते. हा देश संख्येने लहान आहे, पण त्याच्या निकालांच्या शक्यता मोजायला गेलं की डोकं गरगरतं.

समजा, प्रत्येक मतदारसंघात दोनच उमेदवार आहेत. तर ६५० जागांचे निकाल किती वेगवेगळ्या प्रकारे लागू शकतात? दोनाला दोनाने ६५० वेळा गुणत गेलं की जे उत्तर येतं, त्यात १९६ अंक असतात. विश्वाच्या दृश्य भागातल्या अणूंची संख्या साधारणपणे एकावर ऐंशी शून्यं इतकी धरतात, म्हणजे जेमतेम ८१ अंक. शिवाय २०१० साली उमेदवार दोन-दोन नव्हते. एकूण ४,१५० जण उभे होते, म्हणजे जागेमागे सहाहून जास्त. प्रत्येक ठिकाणी पाचच धरले, तरी शक्यतांचा आकडा ४५५ अंकी होतो. त्या सगळ्यांतून एका रात्रीत एकच निकाल उरतो, तोही शिसपेन्सिलीने मारलेल्या फुल्यांमधून. मतदान केंद्रातल्या लाकडी खोक्यात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. मतदार चौकोनात एक फुली मारतो, कागद घडी करून पेटीत टाकतो. ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत आजही मतदान यंत्र नाही.

वीस हजारांत तीन कोटी

या अफाट शक्यतांसमोर दुसरा आकडा ठेवून पाहा. ६ मेच्या रात्री दहाच्या ठोक्याला मतदान संपलं आणि त्याच क्षणी वाहिन्यांनी एक्झिट पोल जाहीर केला: हुजूर ३०७, मजूर २५५, लिबरल डेमोक्रॅट ५९. खरा निकाल ३०६, २५८ आणि ५७ लागला. तीन आकड्यांमधल्या चुका अनुक्रमे एक, तीन आणि दोन जागांच्या.

यासाठी तीन कोटींपैकी किती लोकांना विचारलं असेल? वीस हजारांच्या आसपास, तेही देशभरातल्या जवळपास चाळीस हजार केंद्रांपैकी साधारण १३० केंद्रांबाहेर. मत देऊन बाहेर पडणाऱ्याच्या हातात खऱ्या मतपत्रिकेसारखाच कागद देतात आणि त्याने नुकतीच जिथे फुली मारली, तिथेच पुन्हा मारून तो पेटीत टाकायला सांगतात. तोंडाने कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, त्यामुळे लोक खरं सांगतात. खरी करामत केंद्रांच्या निवडीत आहे. शक्य तिथे मागच्या निवडणुकीतलीच केंद्रं पुन्हा घेतात आणि किती टक्के मिळाले यापेक्षा किती टक्के सरकले, हे मोजतात. प्राध्यापक जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी दिवसभर एका बंद खोलीत बसून ते सरकणं ६५० जागांवर पसरवून पाहतात.

मतदान संपल्याबरोबर वीस हजार लोकांच्या फुल्यांवरून देशाला कळलं की संसद त्रिशंकू असणार. पण त्याच वेळी शेफील्ड, लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूलमधल्या काही केंद्रांबाहेर लोक अजून रांगेत उभे होते. दहा वाजले आणि दारं बंद झाली. निवडणूक आयोगाच्या चौकशीत पुढे आलं की २७ केंद्रांवर किमान १,२०० लोकांना रांगेत उभं राहूनही मत देता आलं नाही. शेफील्ड हॅलम हा लिबरल डेमोक्रॅटांचे नेते निक क्लेग यांचाच मतदारसंघ, आणि रांगा तिथेही होत्या. तीन कोटींत बाराशे म्हणजे पंचवीस हजारांत एक. टक्केवारीत हा आकडा दिसतसुद्धा नाही, पण दारात उभ्या असलेल्या माणसाचं अख्खं मत गेलं होतं. २०१३ साली कायदा बदलला आणि दहाच्या आत रांगेत असलेल्याला मतदानाचा हक्क मिळाला. आपल्याकडे वेळ संपताना रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू देतात, ती साधी सोय जगातल्या एका जुन्या संसदेला एवढ्या उशिरा सुचली.

एका जागेचा भाव

आता दुसरा हिशेब, मतांवरून जागांचा. २०१० साली मजूर पक्षाला एका जागेमागे साधारण ३३ हजार मतं पडली, हुजूर पक्षाला ३५ हजार आणि लिबरल डेमोक्रॅटांना १ लाख २० हजार. त्याच पेन्सिलीची तीच फुली, पण एका पक्षाच्या चिन्हासमोर मारली तर तिची किंमत एक चतुर्थांश. लिबरल डेमोक्रॅटांची मतं २००५च्या तुलनेत एक टक्क्याने वाढली होती, जागा मात्र ६२ वरून ५७ वर आल्या.

यामागे कोणाची लबाडी नाही. ज्या पक्षाची मतं देशभर सारखी पसरलेली असतात, तो शेकडो ठिकाणी दुसरा येतो, आणि दुसऱ्याला या पद्धतीत काहीच मिळत नाही. १९८३ साली लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५.४ टक्के मतं आणि २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला तिच्यापेक्षा दोनच टक्के जास्त, २७.६, आणि जागा २०९. मजूर पक्षाची मतं खाणींच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात दाटलेली होती, एवढाच फरक.

२०१५ साली हा भाव आणखी फाटला. यूकिप या पक्षाला ३८ लाख ८० हजार मतं मिळाली आणि जागा मिळाली एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतं आणि ५६ जागा, कारण तिची सगळी मतं स्कॉटलंडच्या ५९ मतदारसंघांत होती. एकाला जागेमागे २६ हजार मतं पुरली, दुसऱ्याला जवळपास ३९ लाख लागली.

२०२४ साली तर मतं आणि जागा उलट दिशांनी गेल्या. मजूर पक्षाला २०१९ साली १ कोटी ३ लाखांच्या आसपास मतं होती आणि दोनशेवर दोन-तीन जागा. २०२४ साली मतं घटून ९७ लाखांवर आली आणि जागा ४११ झाल्या. साडेपाच लाख मतं कमी, जागा दुप्पट. विरोधी मतं हुजूर पक्ष आणि रिफॉर्म यूके यांच्यात फुटली, हे त्याचं मोठं कारण. त्या रिफॉर्म यूकेला ४१ लाख मतांवर पाच जागा मिळाल्या, म्हणजे एका खासदारामागे सव्वाआठ लाख. लिबरल डेमोक्रॅटांना ३५ लाख मतं पडली, २०१०च्या निम्मी, पण जागा आल्या ७२. या वेळी त्यांनी देशभर न पसरता नेमक्या मतदारसंघांत ताकद लावली होती.

कधी कधी हा हिशेब विजेताच बदलून टाकतो. १९५१ साली मजूर पक्षाला १ कोटी ३९ लाख मतं होती, हुजूर पक्ष आणि मित्रांना १ कोटी ३७ लाख. जागा मात्र २९५ आणि ३२१, आणि चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये उलट घडलं. एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाला सव्वादोन लाख मतं जास्त पडली आणि जागा २९७ आल्या, तर मजूर पक्षाला ३०१. साठ लाख मतं घेणाऱ्या लिबरलांना १४ जागा. हीथ यांनी लिबरलांना सत्तेत यायचं निमंत्रण दिलं, पण २९७ आणि १४ मिळून ३११ होतात आणि तेव्हा ३१८ हवे होते. बोलणी फिसकटली, हीथ यांनी राजीनामा दिला.

चार मतं, दोन मतं, एक मत

लाखांचे आकडे पाहून वाटतं की एका मताने काय होणार. २०१० साली उत्तर आयर्लंडच्या फर्मेना अँड साउथ टायरोन मतदारसंघात सिन फेनच्या मिशेल गिल्डरन्यू यांना २१,३०४ मतं मिळाली आणि प्रतिस्पर्ध्याला २१,३००. चार मतांचं मताधिक्य. १९९७ साली विंचेस्टरमध्ये फरक दोन मतांचा होता. निकाल कोर्टात गेला, फेरनिवडणूक झाली आणि तोच विजेता २१ हजारांहून अधिक मतांनी आला. २०१७ साली नॉर्थ ईस्ट फाइफमध्येही दोनच मतं, २०२४ साली लंडनच्या हेंडनमध्ये पंधरा.

फर्मेनाच्या चार मतांचा परिणाम तिथेच थांबला नाही. सिन फेन लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या संसदेला मानत नाही, तिचे खासदार निवडून येतात पण शपथ घेऊन बाकावर बसत नाहीत. २०१० साली असे पाच जण होते. ते पाच नसल्यामुळे सभागृहात प्रत्यक्षात ३२६ची गरज उरत नव्हती, ३२३ पुरत होते.

आणि ३२३ या आकड्यात त्या आठवड्याची सगळी उत्कंठा होती. मजूर २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७, वेल्सचा प्लाइड कम्री ३, उत्तर आयर्लंडचा एसडीएलपी ३, ग्रीन १, अलायन्स १. बेरीज करून पाहा: नेमकी ३२३. सहा पक्ष, एकही खासदार आजारी पडू नये, एकाचंही मन बदलू नये, आणि पाच वर्षं काढायची.

असं सरकार एका मताने कसं पडतं, हे ब्रिटनने पाहिलेलं होतं. २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलहन यांच्या अल्पमतातल्या सरकारवर अविश्वास ठराव आला. बाजूने ३११, विरोधात ३१०. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन घरी मरणाच्या दारात होते. त्यांना रुग्णवाहिकेतून आणलं असतं तर मतं समसमान झाली असती. त्यांची यायची तयारी होती, पण प्रवासात त्यांचा जीव जाईल अशी भीती होती, म्हणून कॅलहन यांनी त्यांना आणू दिलं नाही. सरकार पडलं, पाच दिवसांनी ब्रॉटन वारले, आणि पुढच्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर आल्या. एका माणसाच्या जिवाची किंमत सरकारहून मोठी मानली गेली, याचा मला आजही आदर वाटतो.

१,०२३ आघाड्या

२०१०च्या सभागृहात दहा पक्ष होते. सभापती आणि एक अपक्ष सदस्य बाजूला ठेवून दहांपैकी कोणालाही घ्यायचं किंवा गाळायचं म्हटलं, तर एकूण १,०२३ गट पडतात. त्यांतले ३२६चा आकडा गाठणारे किती, हे मी एकेक करून मोजलं. ते ४९२ निघतात. कागदावर सरकार बनवायचे ४९२ मार्ग.

आता राजकारण लावू या. हुजूर आणि मजूर एकत्र बसणार नाहीत, हे पक्कं. तेवढं गाळलं की ४९२चे २३६ उरतात. सिन फेन संसदेत येत नाही, तिचे गट काढले की, आकडा ३२६चाच धरून, १०२. त्या १०२ पैकी ६४ असे आहेत ज्यांत हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट दोघं आहेतच, आणि दोघांची मिळून ३६३ झाल्यावर तिसऱ्याची गरजच नाही, म्हणजे ते ६४ मुळात एकच. चार गटांत हुजूर पक्षाला लिबरल डेमोक्रॅटांशिवाय अनेक लहान पक्षांची मोट बांधावी लागते. उरलेले ३४ मजूर आणि लिबरल डेमोक्रॅटांचे, ज्यांत कुठे उत्तर आयर्लंडचा डीयूपी लागतो, कुठे स्कॉटिश नॅशनल पार्टी. मजूर पक्षाला स्कॉटलंडमधले आपले मुख्य प्रतिस्पर्धी सत्तेत नको होते. शिवाय जॉन रीड आणि डेव्हिड ब्लंकेट यांच्यासारख्या ज्येष्ठांनी जाहीरपणे सांगितलं की आपण हरलो आहोत, विरोधात बसू. १,०२३ वरून सुरू झालेली यादी अशी पाच दिवसांत एकावर आली.

या यादीतली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे २५८ जागांच्या पक्षापेक्षा ५७ जागांच्या पक्षाचं वजन जास्त ठरलं. हुजूर पक्षाला वीस हवे होते. त्या वीसला पुरणारा आणि बोलायला तयार असलेला एकच पक्ष होता. त्रिशंकू संसदेत जागांपेक्षा गरज मोठी ठरते.

शनिवारी, ८ मे रोजी, लिबरल डेमोक्रॅटांची बैठक चालू असताना बाहेर स्मिथ स्क्वेअरमध्ये सुमारे हजार लोक जमले. जांभळे कपडे, हातात फलक, मागणी एकच: मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणा, त्यावर सौदा करू नका. क्लेग बाहेर आले आणि त्यांच्याशी बोलले. मतदार आणि वाटाघाटी करणारा समोरासमोर आल्याचा त्या पाच दिवसांतला हा दुर्मीळ क्षण. त्याच सुमारास ग्रीसच्या कर्जसंकटाने युरोप हादरला होता आणि ब्रसेल्समध्ये ७५० अब्ज युरोंच्या मदतीचा आराखडा ठरत होता. बाजार उघडायच्या आत सरकार हवं, हा दबाव दोन्ही बाजूंवर होता. ११ मेच्या संध्याकाळी ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि कॅमेरॉन पंतप्रधान झाले, क्लेग उपपंतप्रधान. बर्मिंगहॅममध्ये लिबरल डेमोक्रॅटांच्या विशेष अधिवेशनाने आघाडीला मान्यता दिली ती १६ मे रोजी, सरकार कामाला लागल्यानंतर.

मतदारांनी मागितलेला हिशेब

निवडून आलेल्या सर्व ५७ लिबरल डेमोक्रॅट खासदारांनी निवडणुकीआधी विद्यार्थ्यांच्या संघटनेला लेखी वचन दिलं होतं की विद्यापीठाची फी वाढवायच्या विरोधात मत देऊ. ९ डिसेंबर २०१० रोजी इंग्लंडमधली फी वर्षाला ३,३०० पौंडांच्या आसपास होती, ती ९,००० पौंडांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाला. २१ लिबरल डेमोक्रॅट खासदारांनी शब्द पाळून विरोधात मत दिलं. बाकीच्यांनी एकतर बाजूने दिलं किंवा दिलंच नाही.

आघाडीच्या बदल्यात पक्षाला निवडणूक पद्धत बदलण्यावर सार्वमत मिळालं होतं. ते ५ मे २०११ रोजी झालं. ६७.९ टक्के लोकांनी बदल नाकारला. २०१५ साली मतदारांनी पक्षाचा हिशेब चुकता केला: मतं ६८ लाखांवरून २४ लाखांवर, जागा ५७ वरून ८ वर. पाच वर्षं सरकार टिकवणाऱ्या पक्षाचे सातांपैकी सहा खासदार गेले.

आघाडी करणं हाच गुन्हा होता, असं मी मानत नाही. वीस जागा कमी असताना कोणीतरी कोणाबरोबर तरी बसायलाच हवं होतं आणि देशाला सरकार हवं होतं. पण मजूर पक्षाच्या बाजूचे जे मतदार आपल्या मतदारसंघात हुजूर उमेदवार पडावा म्हणून लिबरल डेमोक्रॅटाला मत देत होते, त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं की हेच मत कॅमेरॉन यांना पंतप्रधान करू शकतं. त्यांचा राग फीवरचा होता, तसाच या न सांगण्यावरचाही होता.

दहा जागा, एक अब्ज पौंड

२०१७ साली हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बहुमत वाढवायला मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि असलेलंही गमावलं. हुजूर पक्ष ३१७ वर आला. या वेळी लिबरल डेमोक्रॅट आघाडीला तयार नव्हते. मदतीला आला उत्तर आयर्लंडचा डीयूपी: दहा जागा, एकूण मतं २ लाख ९२ हजार, देशातल्या मतांच्या एक टक्क्याहून कमी. ३१७ आणि १० मिळून ३२७.

हा बाहेरून पाठिंबा होता. अर्थसंकल्पावर आणि विश्वासदर्शक ठरावावर साथ, मंत्रिपद नाही. २६ जूनच्या कराराबरोबर उत्तर आयर्लंडला दोन वर्षांत एक अब्ज पौंडांचा जादा निधी जाहीर झाला. तो दवाखान्यांसाठी, रस्त्यांसाठी, ब्रॉडबँडसाठी होता. भागाकार केला तर एका जागेमागे दहा कोटी पौंड. त्याच निवडणुकीत २३ लाख ७० हजार मतं मिळवणारे लिबरल डेमोक्रॅट १२ जागांसह विरोधी बाकांवर होते. म्हणजे आठपट मतं मिळवलेल्या पक्षाचा सरकारवर काडीचाही दाब नव्हता.

मुंबईचे गणिताचे प्राध्यापक आणि लंडनचा मराठी मतदार

ब्रिटनच्या या आकडेमोडीशी आपला संबंध जुना आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. ती संसदही त्रिशंकू होती. ग्लॅडस्टन यांच्या लिबरल पक्षाला बहुमत नव्हतं, सरकार ८१ आयरिश राष्ट्रवादी खासदारांच्या पाठिंब्यावर उभं होतं. त्याची किंमत म्हणून आयर्लंडला स्वराज्य देणारं विधेयक आलं, कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात ३४ मतांनी मंजूर झालं आणि लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळलं. भारताच्या स्वराज्याची भाषा पुढे ज्यांच्या तोंडून देशाने ऐकली, ते दादाभाई त्या आकड्यांचे साक्षीदार होते.

आजही भारतीय पासपोर्ट असलेला पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा माणूस तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देऊ शकतो, कारण राष्ट्रकुलातल्या पात्र नागरिकांना तो हक्क आहे. नोकरीसाठी दोन-तीन वर्षांपूर्वी पुण्याहून हॅरोला गेलेल्या मराठी कुटुंबालाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. तिथल्या गणेशोत्सवात जमणाऱ्या माणसांपैकी अनेकांच्या नावाने निवडणुकीआधी मतदानाचं कार्ड येतं. हेंडनचं मताधिक्य पंधरा होतं, हे लक्षात घेतलं तर एका मराठी इमारतीतली मतंही तिथे जागा फिरवू शकतात. नाव नोंदवलं नसेल, तर ते नोंदवणं हेच पहिलं काम.

महाराष्ट्राने २०१९ साली हाच तिसरा हिशेब स्वतः अनुभवला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बहुमत १४५. निवडणुकीआधीच्या युतीची बेरीज १६१ होती, प्रत्यक्षात पुढे आलं ते १५४ जागांच्या तीन पक्षांचं सरकार, आणि निकालापासून तिथवर पाच आठवडे गेले. त्यात कोण बरोबर, यावर मराठी माणसाचं एकमत होणार नाही, आणि ते इथे महत्त्वाचंही नाही. महत्त्वाचं हे की ब्रिटनकडून आपण ‘ज्याला जास्त मतं तो विजयी’ ही पद्धत घेतली, आणि तिच्याबरोबर मतदान झाल्यावर सुरू होणारी ही दुसरी निवडणूकही आली.

ती दुसरी निवडणूक बंद करता येणार नाही. प्रमाणशीर पद्धतीतही आघाड्या होतात, उलट जास्त होतात. पण जर्मनीत आणि न्यूझीलंडमध्ये पक्ष प्रचारातच बऱ्याचदा सांगतात की आम्ही कोणाबरोबर बसू आणि कोणाबरोबर नाही. मतदार तो शब्द लक्षात ठेवून फुली मारतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे हा प्रश्न विचारला की पुढारी एकच उत्तर देतात: आम्ही पूर्ण बहुमतासाठी लढतोय. ते उत्तर ऐकून घेऊ नये. दारात मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं: तुम्हाला वीस जागा कमी पडल्या, तर कोणाकडे जाल? कोणत्या गोष्टीवर तडजोड कराल, कोणत्यावर नाही? त्याचं उत्तर चार लोकांसमोर घ्यावं. निकालानंतर आठ माणसं खोलीत बसणारच आहेत. त्यांच्या समोरच्या कागदावर काय लिहिलेलं असावं, हे ठरवायची वेळ मतदाराला मतदानाआधीच मिळते.